मोटार मागणाऱ्या मुली, बाहुली मागणारे मुलगे

साडेतीन वर्षांचा मुलगा आईची ओढणी डोक्याला बांधतो आणि लांब वेणी म्हणून घरभर मिरवतो. पहिल्या दिवशी सगळे हसतात, कोणी मोबाइलवर व्हिडिओही काढते. पण ओढणी रोजचीच झाली, भातुकली सोडून तो खाली खेळायला जाईना, की हसू ओसरते. आजोबा म्हणतात, "बायकांत वाढतोय, दुसरं काय होणार?" आजी म्हणते, "मोठा झाला की सुटेल." आणि आईबाबा बालरोगतज्ज्ञांपुढे किंवा बालवाडीच्या ताईंपुढे बसून हळूच विचारतात, "हे जन्मतःच असतं का, की आमचंच काही चुकलं?"

या पुस्तकातले लेख त्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याबद्दल आहेत. लहान मुलांच्या खेळात, कपड्यांत, सवंगड्यांच्या निवडीत मुलगा-मुलगी असा फरक का दिसतो, आणि काही मुले त्या चाकोरीबाहेर का चालतात, याचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांत बराच अभ्यास झाला आहे. दुसरा अर्धा, म्हणजे चूक कोणाची, हा संशोधनाचा विषय नाही. तरीही प्रस्तावनेत त्याला बाजूला सारता येत नाही, कारण पहिल्याचे उत्तर मिळाले रे मिळाले की घरात ते दुसऱ्यासाठी वापरले जाते. आणि बोट बहुतेक वेळा आईकडेच वळते. तिला मुलगी हवी होती, तिने लाडाने फ्रॉक घातले, तिने पदराला बांधून ठेवले. या आरोपाला अभ्यासाचा आधार नाही, हे मी पहिल्याच पानावर सांगून टाकतो.

आधी मर्यादा स्पष्ट करू. येथे वय धरले आहे साधारण दोन ते सात. एखाद्या दुपारी मुलग्याने लाटणे-पोळपाट घेतले किंवा मुलीने क्रिकेटची बॅट उचलली, तर त्यात वेगळे काही नाही. सगळीच मुले सगळेच खेळून पाहतात. अभ्यासक ज्याला चाकोरीबाहेरचे वागणे म्हणतात, ते महिनोन्‌महिने टिकते आणि खेळ, कपडे, सोबती अशा अनेक बाबींत एकाच दिशेला दिसते. दुसरे असे की मुलगे आणि मुली यांच्यातला फरक सरासरीचा असतो. खेळण्यांच्या आवडीत तो मोठा आहे, बुद्धीच्या बहुतेक चाचण्यांत नगण्य. सरासरीपासून दूर असलेली मुले प्रत्येक बालवाडीत असतात.

मूल यात नुसते घडवले जात नाही, हेही ध्यानात घ्यावे. दोन-अडीच वर्षांचे मूल "मी मुलगा", "मी मुलगी" म्हणू लागते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मुलगे मुलग्यांत आणि मुली मुलींत खेळायला लागतात. एलिनॉर मॅकोबी यांनी दीर्घकाळ या विभागणीचा अभ्यास केला. चार ते सहा या वयात मुले नियमांबाबत मोठ्यांपेक्षा कडक होतात. झालरीच्या फ्रॉकशिवाय घराबाहेर न पडणारी चार वर्षांची मुलगी अनेकांनी पाहिली असेल, जीन्सवाल्या आईच्या घरातही. आपण मुलगा किंवा मुलगी आहोत ते कपडे, केस बदलले तरी बदलत नाही, ही समज मात्र सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते, असे लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये मांडले. म्हणजे ज्या वयात समज कच्ची, त्याच वयात नियम कडक. कॅरल मार्टिन आणि डायन रूबल या अभ्यासक या मुलांना गुप्तहेर म्हणतात: कोण काय घालते, कोणाचे खेळ कोणते, याचे धागेदोरे ती स्वतःहून गोळा करत असतात. तेव्हा "कोणी शिकवलं याला?" या प्रश्नाला अनेकदा "कोणीही नाही" हेच खरे उत्तर असते.

जीवशास्त्राकडे येऊ. १९५९ मध्ये चार्ल्स फिनिक्स आणि सहकाऱ्यांनी गाभण गिनिपिगांना टेस्टोस्टेरॉन दिले. जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर काही बाबतींत नरांसारख्या वागू लागल्या. त्यावरून एक कल्पना पुढे आली: गर्भावस्थेच्या ठरावीक काळात मेंदूवर झालेला संप्रेरकांचा परिणाम पुढे टिकून राहतो. माणसांवर असा प्रयोग कोणी करू शकत नाही आणि करूही नये. पण निसर्गात एक आजार आहे, आणि या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा त्या आजाराने जन्मलेल्या मुलींनी दिला आहे. म्हणून त्याच्याजवळ जरा थांबू.

या आजाराला डॉक्टर सीएएच म्हणतात. पूर्ण नाव कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेझिया. मूत्रपिंडांच्या डोक्यावर ॲड्रिनल ग्रंथी असतात. तिथे कॉर्टिसॉल तयार व्हायला '२१-हायड्रॉक्सिलेज' हे एन्झाइम लागते. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेले जनुक आले तर हे एन्झाइम पुरेसे बनत नाही. कॉर्टिसॉल कमी पडते, म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी "आणखी बनवा" असा तगादा लावते. ॲड्रिनल जोमाने कामाला लागते, पण कॉर्टिसॉलची वाट बंद असल्याने कच्चा माल दुसऱ्या वाटेने जातो आणि त्याची पुरुषी संप्रेरके बनतात. गर्भातल्या मुलीला ती पहिल्या काही महिन्यांपासूनच मिळत राहतात. जन्मानंतर निदान होऊन औषध सुरू झाले की ही पातळी आटोक्यात येते. निदान वेळेत झाले नाही तर अंगातले मीठ निघून जाऊन तान्ह्या बाळाचा जीवही जाऊ शकतो. साधारण दहा ते पंधरा हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो.

अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचे हे: या मुलींवर पुरुषी संप्रेरकांचा जादा मारा मुख्यतः जन्माआधी झाला. जन्मानंतर त्या मुली म्हणूनच वाढल्या, आणि तुलनेला त्यांच्या आजार नसलेल्या सख्ख्या बहिणी त्याच घरात होत्या. शेरी बेरेनबाउम आणि मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांना एकेक करून खेळण्यांच्या खोलीत सोडले. एकीकडे मोटारी, हेलिकॉप्टर, लाकडी ओंडके जोडून घर बांधायचा संच. दुसरीकडे बाहुल्या, स्वयंपाकघरातली भांडी, रंगखडू. शिवाय पुस्तके आणि चित्रकोडी, जी कोणाचीच म्हणून ओळखली जात नाहीत. कोणी काही सुचवायचे नाही, फक्त कोणत्या खेळण्याशी किती वेळ गेला ते मोजायचे. सीएएच असलेल्या मुलींनी मोटारी आणि बांधकामाच्या संचावर आपल्या नात्यातल्या मुलींपेक्षा बराच जास्त वेळ घालवला. पुढे हा निष्कर्ष वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा आला. या शास्त्रात असे फार वेळा घडत नाही.

एक आक्षेप तेव्हाच घेतला गेला, आणि तो रास्त होता. या मुलींपैकी अनेकींच्या बाह्य जननांगांची ठेवण जन्मतः वेगळी असते. आईवडिलांना हे माहीत असते. तेच नकळत त्यांना मुलग्यासारखे वागवत असतील तर? विकी पास्टर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेमके हेच पाहिले. मूल एकटे खेळताना, आईबरोबर खेळताना, वडिलांबरोबर खेळताना. दिसले ते उलटेच. आजार असलेल्या मुलीने बाहुली उचलली की आईवडील तिचे जास्त कौतुक करत होते, आजार नसलेल्या मुलीपेक्षा जास्त. घरचे पूर्ण जोर लावून तिला बाहुलीकडे ओढत होते आणि ती मोटारीकडे जात होती. माझ्या मते या सबंध विषयातला हा सर्वांत बोलका निष्कर्ष आहे. घरच्यांच्या प्रोत्साहनालाही मर्यादा असते, हे तो दाखवतो.

आणि तरीही, या मुलींपैकी बहुतेक स्वतःला मुलीच मानतात, मोठेपणी स्त्रियाच म्हणून जगतात. मोटार आवडणे आणि 'मी मुलगी नाही' असे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या चर्चेत त्यांची सतत गल्लत होते.

म्हणजे संप्रेरकांनी प्रश्न सुटला का? हाइन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सीएएच असलेल्या आणि नसलेल्या मुलींना आणखी एक कसोटी लावली. कोणाचीच म्हणून ओळखल्या न जाणाऱ्या वस्तू घ्यायच्या. काही वस्तू बायका निवडताना दाखवायच्या, काही पुरुष. किंवा नुसते सांगायचे, ही मुलींची आहे, ही मुलग्यांची. आजार नसलेल्या मुली बायकांनी निवडलेल्या, 'मुलींच्या' म्हटलेल्या वस्तूकडे वळल्या. सीएएच असलेल्या मुलींवर या सूचनांचा परिणाम कमी झाला. जन्माआधीच्या संप्रेरकांचा परिणाम खेळण्याच्या आवडीपुरता थांबत नाही. भोवतीचा समाज जे सांगतो त्यातले किती मनावर घ्यायचे, तेही काही अंशी त्यातून ठरते. 'जन्मजात की संस्कार' हा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंची यामुळे अडचण होते.

जुळ्यांच्या अभ्यासातही अशीच अडचण आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा मोठा प्रकल्प रॉबर्ट प्लोमिन यांनी उभारला. त्यातल्या ५,७९९ जोड्यांची तीन-चार वर्षांच्या वयातली माहिती घेऊन एरियल क्नाफो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये फक्त चाकोरीबाहेरच्या मुलांकडे पाहिले. एकबीज जुळी आणि द्विबीज जुळी यांची तुलना केली की जनुकांचा वाटा अंदाजता येतो. तो दिसला, पण एकत्र वाढण्याचा वाटाही चांगलाच दिसला. हॉलंडमध्ये सात आणि दहा वर्षांच्या जुळ्यांवर २००६ मध्ये झालेल्या अभ्यासात मात्र जनुकांचा वाटा सुमारे ७० टक्के आला. प्रश्नावली वेगळी, वय वेगळे, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून भांडू नये. वाचकाने एवढेच लक्षात ठेवावे की 'एकत्र वाढणे' या खात्यात घर, आईवडील, शेजार तर येतातच, पण जुळ्यांनी नऊ महिने वाटून घेतलेले एकच पोटही त्याच खात्यात जमा होते. पर्यावरण म्हणून मोजलेले काही खरे तर जीवशास्त्रच असू शकते. शिवाय प्रश्नावली भरणारे आईवडीलच असतात, आणि दोन जुळी त्यांना जास्त सारखी दिसण्याची शक्यता असते.

समाजाच्या हाताचे पुरावे याहून साधे आणि डोळ्यांना दिसणारे आहेत. कॅरोलिन स्मिथ आणि बार्बरा लॉइड यांचा १९७८ चा प्रयोग: सहा महिन्यांचे बाळ कधी मुलग्याच्या कपड्यांत आणि नावाने, कधी मुलीच्या, अनोळखी आयांच्या मांडीवर दिले. मुलगा समजलेल्या बाळाला हातोडीचे खेळणे दिले गेले, उचलून नाचवले गेले. मुलगी समजलेल्याच्या हातात बाहुली आली. बाळ खरे कोण, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. १९८० मध्ये जुडिथ लँगलॉइस आणि ख्रिस डाउन्स यांनी मुलांना एका गटाच्या किंवा दुसऱ्या गटाच्या खेळण्यांशी खेळायला लावून आई, वडील आणि सवंगडी कसे वागतात ते पाहिले. मुलगा 'बायकी' खेळात दिसला की सर्वांत कडक प्रतिक्रिया वडिलांची होती.

ही विषमता आपल्या घरांत रोज दिसते. झाडावर चढणारी, विटी-दांडू खेळणारी मुलगी "आमचा मुलगाच आहे तो" म्हणून मिरवली जाते; निदान मासिक पाळी येईपर्यंत तिला सूट असते. सागरगोटे खेळणारा, भोंडल्याच्या फेरात शिरलेला, नखांना मेंदी मागणारा मुलगा "बायल्या" ठरतो, आणि त्याला पाच वर्षांपर्यंतसुद्धा सवलत नसते. पण हा कडकपणा पूर्वापार असाच होता असे मानू नये. मुलगे जगत नाहीत म्हणून नवसाच्या मुलाचे नाक टोचायचे, त्याला नथू म्हणायचे, दृष्ट लागू नये म्हणून मुलीसारखे सजवायचे, हे आपल्याच गावांत होत होते. जावळ काढण्याआधी परकर-पोलके घालून, वेणी-गजरा माळून काढलेला मुलग्याचा फोटो कित्येक मराठी घरांच्या अल्बममध्ये आहे. तो पाहून सगळे कौतुक करतात. तोच मुलगा पाचव्या वर्षी स्वतःहून तो परकर मागू लागला, की त्याच घरात हात उगारला जातो. कपडे तेच असतात. फरक एवढाच की पहिल्या वेळी निवड मोठ्यांची होती आणि दुसऱ्या वेळी मुलाची असते. मोठ्यांना जास्त बोचते ती त्याची निवड, असे मला वाटते.

संगोपनावर अतोनात विश्वास ठेवल्याने काय होते, याची दोन उदाहरणे या पुस्तकात सविस्तर येतात. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६५ मध्ये जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाचे लिंग सुंतेच्या वेळी कायमचे निकामी झाले. जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आले आणि हा प्रयोग यशस्वी झाल्याचे जगाला सांगितले गेले. चौदाव्या वर्षी खरे कळल्यावर तो मुलगा म्हणून जगू लागला: डेव्हिड रायमर. मिल्टन डायमंड आणि कीथ सिग्मंडसन यांनी १९९७ मध्ये खरी हकीकत छापली. २००४ मध्ये त्याने आपले जीवन संपवले.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाला थेट भिडते. कॅलिफोर्नियात जॉर्ज रेकर्स आणि इव्हार लोव्हास यांनी पाच वर्षांच्या आसपासच्या एका मुलावर 'उपचार' केले आणि १९७४ मध्ये ते शोधनिबंध म्हणून छापले. निबंधात मुलाला 'क्रेग' असे टोपणनाव आहे. मुलाला बाहुल्या आणि आईचे कपडे आवडत होते. खोलीत आई बसलेली, तिच्या कानात छोटा श्रवणयंत्रासारखा स्पीकर. मुलाने बंदूक उचलली की कानात सूचना: त्याच्याकडे बघा, हसा. बाहुली उचलली की सूचना: पुस्तक वाचायला लागा, त्याच्याकडे बघू नका. घरी 'योग्य' वागण्याला निळ्या चकत्या आणि 'बायकी' वागण्याला लाल. लाल चकत्यांची किंमत वडिलांच्या माराने फेडावी लागत असे. मोठा भाऊ त्यांतल्या काही लपवून ठेवी, असे कुटुंबाने २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. तोपर्यंत त्या मुलाने, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आत्महत्या केली होती. हा निबंध कित्येक दशके यशाचा दाखला म्हणून शिकवला गेला. ज्या नियतकालिकाने तो छापला त्याने २०२० मध्ये त्याबद्दल अधिकृत चिंता नोंदवली. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा 'सुधारणा उपचारां'विरुद्ध निर्देश दिले आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तेव्हा कोणी दवाखान्यात मुलाला 'सरळ करून देतो' म्हणाले, तर पालकांनी उठून बाहेर पडावे.

यावरून असा समज होण्याची शक्यता आहे की जीवशास्त्राचे उत्तर आपोआप दयाळू असते: जन्मजात आहे ना, मग कोणी काही करू नका. मला तसे वाटत नाही. सीएएचचा धोका असलेल्या गर्भारपणात आईला डेक्सामेथासोन हे औषध देण्याची पद्धत काही डॉक्टरांनी सुरू केली, आणि ते नेमके काय टाळण्यासाठी द्यायचे यावर मोठा वाद झाला. वैद्यकीय संघटनांनी त्या उपचाराला प्रायोगिक ठरवून सावधगिरी सांगितली. आणि आपण त्या राज्यात राहतो जिथे गर्भलिंगनिदान इतके बोकाळले होते की १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा महाराष्ट्राला करावा लागला. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. जन्माआधीचे कारण सापडले की जन्माआधीच निवड करायची ओढ आपल्याकडे किती प्रबळ असते, हे आपण पाहिले आहे. कारण कुठलेही निघो, पोटातले की घरातले, मुलाला कसे वागवायचे याचे उत्तर त्यातून निघत नाही. ते आपल्याला स्वतंत्रपणे द्यावे लागते.

पुढे काय होईल, हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो, मग तो बोलून दाखवो वा न दाखवो. रिचर्ड ग्रीन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ अभ्यासात बालपणी ठळकपणे बायकी वागणाऱ्या ज्या मुलग्यांशी मोठेपणी पुन्हा संपर्क झाला, त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांकडे किंवा दोन्हींकडे आकर्षित होणारे निघाले; स्त्री होण्याच्या वाटेवर एकच होता. ही मुले पालकांनी काळजीने तज्ज्ञांकडे आणलेली होती, सर्वसाधारण नव्हती. ब्रिटनमधल्या एव्हन परिसरातल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासातही साडेतीन वर्षांच्या वयातले खेळ आणि पंधराव्या वर्षीचे आकर्षण यांच्यात संबंध दिसला. पण समोरच्या एका मुलाबद्दल भाकीत करायला हे आकडे उपयोगाचे नाहीत, आणि त्यातल्या कोणत्याही भविष्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाबरण्यासारखे असते ते शाळेतले चिडवणे आणि घरातला मार. त्यांचे परिणाम मात्र पुढे वर्षानुवर्षे टिकतात.

या पुस्तकाचा पहिला भाग संप्रेरकांवर आहे आणि तो सर्वांत जड आहे. आलेखांची सवय नसलेल्यांनी तो शेवटी वाचला तरी चालेल. मुलींबद्दलचा पुरावा मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे वाचताना ध्यानात राहू द्यावे. सीएएच असलेल्या मुलग्यांच्या खेळात विशेष फरक दिसत नाही, त्यामुळे बाहुली मागणाऱ्या मुलग्याबद्दल संप्रेरकांकडून अजून फारसे कळलेले नाही. पालकांनी मधल्या भागापासून सुरुवात करावी. शेवटचा भाग बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी आहे: खेळण्यांचे कोपरे मुलग्यांचे-मुलींचे असे न मांडणे, रांगा लिंगाप्रमाणे न लावणे, स्नेहसंमेलनात नाचायचे की ढोल वाजवायचे ते मुलाला विचारणे, आणि वर्गात कोणी "बायल्या" म्हणाले तर त्याच क्षणी थांबवणे. यातल्या एकाही गोष्टीला खर्च येत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा त्या सुरू करता येतील.